यॉर्कशायरमधल्या जुन्या दगडी घरासाठी मल्टीफ्युएल स्टोव्ह: ५ किलोवॅट की ८?

डेल्सकर

नमस्कार मंडळी,

घर इंग्लंडमधल्या स्किप्टनच्या वरच्या अंगाला, डेल्समध्ये (यॉर्कशायरच्या दऱ्याखोऱ्यांत). १८९० च्या आसपासचं दगडी बांधकाम, भिंती अर्धा मीटर जाड आणि भरीव, त्यामुळे आत इन्सुलेशन भरायला पोकळी नाही. गावात गॅसची लाइन नाही. तेलावरचा बॉयलर आणि रेडिएटर आहेत, पण वीज गेली की तोही बंद. नोव्हेंबर २०२१ च्या आर्वेन वादळात उत्तर इंग्लंडमधल्या काही गावांत आठवडाभराहून जास्त वीज नव्हती, म्हणून विजेशिवाय चालणारी ऊब घरात हवीच आहे.

बैठकीची खोली ५.२ × ४.१ मीटर, उंची २.५ मीटर. उघडी फायरप्लेस आहे, चिमणी मूळचीच, आत लायनर (धूर वर नेणारी धातूची नळी) नाही. दुकानदार म्हणतो, दगडी घर आहे, सरळ ८ किलोवॅटचा घ्या, कमी करून चालवता येतो. प्रश्न असे:

१) ५ की ८?
२) फक्त लाकडाचा घ्यावा की मल्टीफ्युएल (लाकूड आणि कोळसा दोन्ही जाळणारा)?
३) मागे बॉयलर असलेला घेऊन रेडिएटर त्यावर जोडावेत का?
४) घरात दीड वर्षाचं मूल आहे. आणखी काय बघायला हवं?

---

राखरांगोळी

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. आधी इंधन ठरवा, मग स्टोव्ह.

चूल आणि शेगडी यांतला फरक आठवा. चुलीत लाकूड राखेवरच जळतं, खालून हवा लागत नाही. कोळशाच्या शेगडीला मात्र जाळी लागते आणि जाळीखाली वाऱ्याचं तोंड. ते बंद केलं की निखारे मरतात. मल्टीफ्युएल म्हणजे या दोन्ही गोष्टी एका पेटीत. खाली लोखंडी जाळी, ती बाहेरून दांड्याने हलवायची सोय, तिच्याखाली राखेचा ट्रे, आणि हवेची दोन नियंत्रणं. खालची हवा जाळीतून वर येते, वरची काचेवरून खाली उतरते आणि काच स्वच्छ ठेवते. फक्त लाकडाच्या स्टोव्हला बहुधा सपाट तळ असतो, वरच्याच हवेवर चालतो.

म्हणून विकत घेताना 'मल्टीफ्युएल' ही पाटी बघू नका, ही तीन अंगं बघा: जाळी हलते का, हवेची नियंत्रणं वेगवेगळी आहेत का, ट्रे पुरेसा खोल आहे का. काही मॉडेलांत लाकडाच्याच स्टोव्हमध्ये वेगळी जाळी ठेवून काम भागवलेलं असतं. चार तास लाकूड जाळायला ते ठीक, रात्रभर कोळसा ठेवायला नाही.

दोन्ही इंधनं घरात ठेवणार असाल तर मल्टीफ्युएल घ्या. नव्वद टक्के वेळा लाकूडच जाळणार असाल तर लाकडाचाच घ्या. मल्टीफ्युएलमध्ये लाकूड जळतं, पण जाळीवर दोन-अडीच सेंटिमीटर राख मुद्दाम राखून ठेवावी लागते, नाहीतर ओंडके भराभर जळतात आणि अर्धी ऊब धुराड्यातून जाते.

आणि 'कोळसा' म्हणजे नेमकं काय तेही ठरवा. इंग्लंडमध्ये घरगुती वापरासाठी धूर करणाऱ्या साध्या दगडी कोळशाची विक्री १ मे २०२३ पासून पूर्ण बंद आहे (पिशवीतला त्याच्याही आधी, मे २०२१ पासून). आता मिळतो तो अँथ्रासाइट (फारच कमी धूर करणारा कठीण कोळसा) किंवा गंधक २ टक्क्यांच्या आत असलेल्या, दाबून बनवलेल्या धूरविरहित गोळ्या. पेट्रोलियम कोक (तेलशुद्धीकरणातून उरणारा कोळशासारखा पदार्थ) मिसळलेलं काही स्वस्तात मिळालं तर स्टोव्हच्या पुस्तिकेत त्याला परवानगी आहे का बघा. बहुतेक कंपन्या नाही म्हणतात, कारण तो इतका तापतो की जाळीच वाकते.

---

मोजपट्टी

आकाराचं गणित सरळ आहे. ५.२ × ४.१ × २.५ म्हणजे ५३ घनमीटर. बरं इन्सुलेशन असलेल्या घरात याला १४ ने भागतात: ३.८ किलोवॅट. अजिबात इन्सुलेशन नसेल तर १० ने: ५.३. तुमचं घर दुसऱ्या टोकाला आहे असं धरलं तरी उत्तर पाचच्या घरातच येतं. आठ कुठून आले ते दुकानदारालाच विचारा.

"कमी करून चालवता येतो" हा या धंद्यातला सगळ्यात महागडा सल्ला. मोठा स्टोव्ह हवा आवळून चालवला की लाकूड जळत नाही, धुमसतं. लाकडातून निघणारे वायू पेट घेण्याइतकी उष्णता पेटीत राहत नाही, ते तसेच वर जाऊन थंड धुराड्यात डांबर होऊन चिकटतात. काच दोन दिवसांत काळी होते, आणि पुढे कधीतरी एखाद्या कडक पेटवणीत ते डांबरच पेटतं. याला चिमणीची आग म्हणतात, अग्निशमन दल बोलवावं लागतं. ५ चा स्टोव्ह थोडा जास्त भरून तासभर ६-६.५ किलोवॅट देतो. ८ चा स्टोव्ह ४ वर नीट चालत नाही.

पाचाचा आणखी एक फायदा. इमारतीच्या नियमांनुसार (पार्ट जे) जुन्या, हवा झिरपणाऱ्या घरात ५ किलोवॅटच्या वर गेलात की प्रत्येक जादा किलोवॅटमागे ५५० चौरस मिमीचं कायम उघडं वायुद्वार लागतं. ८ ला १६५० चौरस मिमी. म्हणजे भिंतीला भोक आणि त्यातून डेल्सचा जानेवारीचा वारा पायांवर. घराची नंतर डागडुजी करून फटी बंद केल्या असतील तर ५ लाही वायुद्वार लागू शकतं. ते बसवणाऱ्याकडून तपासून घ्या.

आता इंधन किती जाईल. २० टक्के ओलाव्याचं लाकूड किलोमागे साधारण ४.१ युनिट उष्णता देतं, धूरविरहित गोळ्या ८ च्या आसपास. ५ किलोवॅट, ७८ टक्के कार्यक्षमता, रोज ५ तास: २५ ÷ ०.७८ म्हणजे ३२ युनिट. रोज पावणेआठ किलो लाकूड किंवा ४ किलो गोळ्या. हिवाळ्याचे १५० दिवस धरले तर जवळजवळ १,२०० किलो लाकूड, म्हणजे कठीण जातीचं रचून अडीच-तीन घनमीटर. लक्षात ठेवा, विकणारा 'घनमीटर' म्हणतो तो बहुधा पिशवीत ओतलेला असतो. रचलेला एक घनमीटर म्हणजे ओतलेले जवळपास दीड.

आणि हो, १ जानेवारी २०२२ पासून नव्या स्टोव्हला इकोडिझाइन बंधनकारक आहे: बंद दाराच्या स्टोव्हची हंगामी कार्यक्षमता किमान ६५ टक्के, धुरातले कण घनमीटरमागे ४० मिलिग्रॅमच्या आत. जुना वापरलेला स्वस्तात मिळतोय म्हणून मोहात पडू नका.

---

डेल्सकर

धन्यवाद, आठचा विषय संपला. पाचचाच बघतो. एक राहिलं होतं सांगायचं: स्वयंपाकघर याच खोलीला लागून, मध्ये दार नाही, कमान आहे. तिथे मोठा एक्झॉस्ट आहे. आणि चिमणीत लायनर घालायलाच हवा का? दोन-तीन जण म्हणाले, शंभर वर्षं चालली आहे, चालेल.

---

धुराडं

एक्झॉस्टची गोष्ट पहिल्याच पोस्टमध्ये सांगायला हवी होती. तुमच्या घरातला हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे, किलोवॅट नव्हे.

फोडणीच्या वेळी एक्झॉस्ट पूर्ण जोरात लावला की तो घरातली हवा बाहेर फेकतो. तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते. दारं-खिडक्या बंद असतील तर सगळ्यात सोपी वाट म्हणजे धुराडं. स्टोव्हचा धूर, त्यातला कार्बन मोनॉक्साइडही, उलटा खोलीत येतो. म्हणूनच पार्ट जे सांगतो की घन इंधनाचा स्टोव्ह आहे त्या खोलीत एक्झॉस्ट टाळावा. कमान असली की दोन्ही जागा एकच खोली समजायच्या.

वाटा तीन. कमानीत नीट बसणारं दार लावा. किंवा बाहेर हवा न फेकणारा, कोळशाच्या फिल्टरमधून हवा परत आत सोडणारा हूड घ्या. मोहरी-हिंगाचा वास थोडा राहील, ते चालवून घ्या. किंवा एक्झॉस्ट ठेवून बदली हवेचं पुरेसं वायुद्वार द्या आणि बसवणाऱ्याला गळतीची चाचणी सगळे पंखे पूर्ण वेगात लावून, दारं-खिडक्या बंद करून करायला लावा. धुराची कांडी स्टोव्हच्या दारापाशी धरायची, धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेरची हवा थेट पेटीत घेणारे स्टोव्ह मिळतात, त्याने फरक पडतो, पण सरपण घालायला दार उघडलं की प्रश्न परत तोच.

आता लायनर. "शंभर वर्षं चालली" ती उघड्या फायरप्लेसवर चालली. उघड्या फायरप्लेसमधून आगीबरोबर खोलीतली ढीगभर हवाही वर जाते, म्हणून वाट रुंद असते. बंद स्टोव्हचा धूर कमी आणि थंड. २२५ मिमीच्या रुंद दगडी वाटेत तो रेंगाळतो, भिंतींना डांबर लावतो, आणि जुना चुना सुटलेल्या सांध्यांतून वरच्या झोपायच्या खोलीत झिरपतो. चिमणी आधी झाडून घ्या, मग धुराची चाचणी आणि आतून कॅमेरा. सांधे ठणठणीत असले तर कायद्याने लायनर सक्तीचा नाही, पण एवढ्या जुन्या दगडी चिमणीत तसं क्वचितच निघतं.

लायनर स्टेनलेस स्टीलचा, दुपदरी, लवचीक. दोन प्रती मिळतात, ३१६ आणि ९०४. गोळ्या जाळणार असाल तर ९०४ च. ३१६ फक्त लाकडाला. दोघांच्या किमतीतला फरक वाचवून उपयोग नाही, कारण लायनर बदलायला पुन्हा छपरावर परांची बांधावी लागते. व्यास १५० मिमी कोणत्याही इंधनाला चालतो. धूर नियंत्रण क्षेत्रासाठी (जिथे चिमणीतून धूर सोडण्यावर बंधनं असतात) मान्यता असलेल्या स्टोव्हला १२५ चालू शकतो, पण वाटेत वळणं असतील तर १५० च टाका. नळीवर बाण छापलेला असतो, तो वर हवा. उलटा घातला तर आतल्या पट्टीच्या कडा डांबर अडवतात. नळीभोवती व्हर्मिक्युलाइट (उष्णता बाहेर जाऊ न देणारे हलके खनिज दाणे) भरून घ्या म्हणजे धूर गरम राहील.

वर टोपी लावताना जॅकडॉसाठी जाळी हवी. हा कावळ्याचा धाकटा भाऊ वसंतात चिमणीत काटक्या टाकून घरटं बांधतो. पण बारीक छिद्रांची जाळी काजळीने बुजते, तेव्हा मोठ्या छिद्रांची घ्या.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे. स्टोव्हपासून आडव्या अंतराने १ ते ३ मीटरवर. छतावर असेल तर भिंतींपासून किमान ३०० मिमी दूर. स्टोव्हच्या थेट डोक्यावर लावू नका.

---

फुंकणी

राखरांगोळी यांच्याशी एका बाबतीत सहमत नाही. लाकूड नव्वद टक्के असलं तरी डेल्सकरांनी मल्टीफ्युएलच घ्यावा. कारण त्यांनीच सांगितलंय: वीज आठवडाभर जाण्याची भीती. लाकूड दर तासा-दीड तासाला घालावं लागतं. गोळ्या नीट रचल्या तर रात्रभर निखारा टिकतो आणि सकाळी जाळी हलवून काटक्या टाकल्या की पेटतं. शिवाय १० पोती कोरड्या गोळ्या शेडमध्ये तीन वर्षं पडून राहिल्या तरी बिघडत नाहीत.

तिसरा प्रश्न कोणीच घेतला नाही. बॉयलरचा स्टोव्ह नको. त्याचं अर्धं-अधिक बळ पाण्यात जातं, म्हणून आकार वाढवावा लागतो, म्हणजे परत वायुद्वार. पेटीच्या भिंती पाण्यामुळे थंड राहतात, त्यामुळे काजळी जास्त. आणि मुख्य गोष्ट: वीज गेली, पंप थांबला, पण आग विझत नाही. पाणी उकळू नये म्हणून एक रेडिएटर पंपाशिवाय, निव्वळ गुरुत्वाने फिरणाऱ्या पाण्यावर, २८ मिमीच्या नळ्यांनी आणि कोणताही व्हॉल्व्ह न लावता जोडावा लागतो, वर उघडी टाकी लागते. तुमची आत्ताची प्रणाली बंद दाबाची असेल तर सगळी बदलावी लागेल. ज्या कामासाठी स्टोव्ह घेताय त्याच कामात हा सगळ्यात जास्त त्रास देणारा प्रकार.

रोजचं वापरणं, कारण पुस्तिकेत हे नीट लिहिलेलं नसतं:

लाकूड. तळाशी दोन ओंडके, त्यांवर काटक्यांचे तीन-चार थर आडवे-उभे, सगळ्यात वर पेटवणी. वरून पेटवायचं. दोन्ही हवा उघड्या. दहा-पंधरा मिनिटांनी ओंडक्यांनी पेट घेतला की खालची हवा बंद, पुढचं सगळं वरच्या हवेवर. एका वेळी एक-दोन ओंडके, काचेला टेकू देऊ नका. धुराड्याच्या नळीवर चुंबकाचा थर्मामीटर लावा. साधारण १२० ते २४० अंशांच्या मध्ये राहिलात की बरोबर चाललंय. खाली गेलात की डांबर, बराच वेळ वर राहिलात की स्टोव्हलाच इजा.

गोळ्या. आधी लाकडाच्या काटक्यांवर निखारा करा, मग गोळ्यांचा एक थर, तो लालसर झाला की दुसरा. थर दहा सेंटिमीटर तरी झाला पाहिजे. चार गोळ्या टाकल्या तर त्या एकमेकींना तापवू शकत नाहीत, विझतात. आता मुख्य हवा खालची. भरण्याआधी जाळी हलवा, ट्रेमध्ये पहिला लाल ठिपका दिसला की थांबा. जास्त हलवली तर अर्धवट जळलेलं इंधन खाली जातं.

आणि ट्रे रोज रिकामा करा. बहुतेक जाळ्या या एका आळसामुळे मरतात. बंबाच्या जाळीखाली राख तुंबली की आग मंदावते एवढंच, पण इथे जाळीच्या सळ्यांना थंड ठेवते ती खालून येणारी हवा. राख सळ्यांना टेकली की ती हवा थांबते, वर निखारे, खाली राखेची दुलई, आणि सळ्या मधोमध वाकतात. गॅरंटीत हे धरत नाहीत.

लाकूड आणि गोळ्या एकत्र जाळू नका. पेटवणीपुरतं ठीक. लाकडातली वाफ आणि गोळ्यांतलं गंधक मिळून आम्ल होतं, ते थंड लायनरवर बसतं आणि त्याला खातं. एका संध्याकाळी एकच इंधन.

हवा पूर्ण आवळून भरपूर सरपण भरलं असेल तर दार झटकन उघडू नका. आत साठलेला वायू हवा मिळताच भपकन पेटतो. आधी हवा उघडा, ज्वाळा दिसू द्या, मग दार एक बोटभर, मग पूर्ण.

---

काडेपेटी

हे सगळं ठीक, पण दीड वर्षाचं मूल आहे म्हणून एक कडू गोष्ट. इकोडिझाइनचा स्टोव्हसुद्धा पीएम २.५ (फुप्फुसात खोल जाणारे अतिसूक्ष्म कण) सोडतो, आणि दार उघडताना त्यातला काही भाग घरातच येतो. घरात कोणाला दमा असेल तर रोजच्या उबेसाठी स्टोव्ह नको. रोजचं काम हीट पंपाकडे (बाहेरची उष्णता ओढून घर तापवणारं विजेवरचं यंत्र) द्या (इंग्लंड-वेल्समध्ये तेलाचा बॉयलर काढून हवेवरचा हीट पंप बसवायला ७,५०० पाउंडांचं अनुदान आहे) आणि स्टोव्ह अडीअडचणीला ठेवा. भरीव भिंतीच्या घराला त्याआधी छताचं इन्सुलेशन आणि रेडिएटरचा आकार बघावा लागेल, तो वेगळा धागा.

स्टोव्हची बाजू २०० अंशांच्या वर तापते. भिंतीला हुकांनी अडकवता येणारं कुंपण लावा. नुसतं उभं ठेवलेलं मूल ओढून पाडतं.

---

डेल्सकर

दमा कोणालाही नाही. ठरलं ते असं: ५ किलोवॅट, मल्टीफ्युएल, ९०४ चा १५० मिमी लायनर, कमानीला दार, बॉयलर नाही. आमचा पत्ता धूर नियंत्रण क्षेत्रात येतो का ते कौन्सिलच्या नकाशावर बघतोय. शेजारचा शेतकरी ॲश नावाच्या झाडाचं लाकूड ट्रेलरभर देतो म्हणतोय, "वाळलेलं आहे". घेऊ का?

---

मोजपट्टी

क्षेत्रात येत असलात तर लाकडासाठी डेफ्राच्या (सरकारच्या पर्यावरण खात्याच्या) यादीतला स्टोव्हच हवा. त्यात वरची हवा पूर्ण बंद होणार नाही असा अडसर असतो. धूरविरहित गोळ्या मात्र कोणत्याही स्टोव्हमध्ये चालतात. नियम मोडला तर १७५ ते ३०० पाउंड दंड. पाचाच्या घरातले बरेचसे नवे मॉडेल यादीत आहेत, तेव्हा क्षेत्रात नसलात तरी तसाच घ्या.

ट्रेलरच्या लाकडाबद्दल: २ घनमीटरच्या आत विकलं जाणारं लाकूड २० टक्के किंवा त्याहून कमी ओलाव्याचं आणि 'रेडी टू बर्न' शिक्क्याचंच विकायचा नियम आहे. त्याहून मोठ्या ढिगाला विकणारा फक्त वाळवायच्या सूचना देतो, वाळलेलं असल्याची हमी नाही. ओलावामापक १५-२० पाउंडांत मिळतो. ओंडक्याच्या टोकाला टोचू नका, तिथे नेहमीच कोरडं दिसतं. ओंडका फोडा आणि ताज्या फोडलेल्या आतल्या बाजूला, रेषांच्या दिशेने टोचा. पाच-सहा वेगवेगळे तपासा.

ॲश चांगलं लाकूड. तोडतानाच पाणी कमी असतं, एका उन्हाळ्यात-दीडात येतं. ओक असतं तर दोन उन्हाळे किमान. २५ दाखवलं तरी घ्या, पण पुढच्या हिवाळ्यासाठी: जमिनीपासून वर पॅलेटवर, डोक्यावर छप्पर, बाजू उघड्या. ताडपत्रीत गुंडाळलेलं लाकूड वाळत नाही, कुजतं. पाइन-लार्चला उगाच नाकं मुरडतात. वाळलेलं असेल तर बिनधास्त जाळा, फक्त लवकर संपतं. डांबर राळेमुळे नव्हे, पाण्यामुळे होतं.

---

धुराडं

बसवणारा हेटासकडे (घन इंधनाचे स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंदणी करणारी संस्था) नोंदलेला घ्या. तो काम स्वतः प्रमाणित करतो आणि प्रमाणपत्र देतो. दुसऱ्याकडून करून घेतलंत तर कामाआधी कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला कळवावं लागतं. घर विकताना आणि विम्याचा दावा करताना हा कागद मागतात.

स्टोव्हखालची फरशी तपासा. स्टोव्हमुळे तळ १०० अंशांच्या वर तापत नाही असं पुस्तिकेत लिहिलं असेल तर १२ मिमी जाडीची दगडी फरशी चालते. नसेल तर एकूण १२५ मिमीचा बांधीव तळ हवा. दारासमोर २२५ मिमी, दार उघडं ठेवून चालवता येणारा असेल तर ३००. बाजूंना १५० मिमी मोकळी फरशी. कोनाड्यात बसवताय तर दोन्ही बाजूंना पुस्तिकेत दिलंय तेवढी जागा सोडाच, नाहीतर ऊब भिंतीत अडकून राहील. वरचा जुना लाकडी तुळईसारखा लिंटेल असेल तर त्याचं अंतर आधी मोजा, बऱ्याच घरांत तिथेच गाडी अडते.

झाडणं: गोळ्यांवर वर्षातून किमान एकदा, लाकडावर हंगामात दर तीन महिन्यांनी. गोळ्या जाळत असाल तर पेटीच्या वरची आडवी पाटी महिन्यातून एकदा काढून तिच्यावरची राख झाडा. ती साठली की धुराची वाट अरुंद होते, आणि पहिली खूण म्हणजे दार उघडल्यावर येणारा गंधकाचा वास. दाराच्या कडेची, फट बंद करणारी दोरी कागदाने तपासा: पट्टी दारात पकडून ओढा, सहज निसटली तर दोरी बदला. गोळ्यांची राख बागेत टाकू नका. निव्वळ लाकडाची असेल तर गुलाबाला घाला. दोन्ही राखा झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत दोन दिवस तरी बाहेर ठेवायच्या, प्लॅस्टिकच्या कचरापेटीत थेट नाही.